आठवर थांबलेला खटका

१

पेटी उघडली आणि आत माइक नव्हता.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. जाडजूड केबल नीट गुंडाळलेली होती. माइकला वीज पुरवणारा, जेवणाच्या डब्याएवढा करडा पॉवर सप्लाय आपल्या कप्प्यात होता. फक्त मधला निळ्या मखमलीचा खळगा रिकामा होता. बाळाला उचलून घेतल्यावर गादीवर त्याच्या आकाराचा खड्डा राहतो ना, अगदी तसा.

कानसेनने पेटी बंद केली, दोन मोठे श्वास घेतले आणि पुन्हा उघडली. माइक अजूनही नव्हता.

तिला हे नाव रेडिओ केंद्रातल्या लोकांनी ठेवलं होतं, कारण वीस वाद्यं वाजत असताना कुणाची खुर्ची कुरकुरतेय ते ती डोळे मिटून सांगायची. बाळ झाल्यापासून तर कान आणखीच तयार झाले होते. दोन दारांपलीकडे त्याने कूस बदलली तरी तिला जाग यायची. परिणामी गेल्या आठ महिन्यांत सलग झोप म्हणून काही तिला मिळाली नव्हती. सोमवारी ती रजेवरून कामावर परतली होती, आणि आज गुरुवार.

हरवलेल्या माइकला कागदोपत्री ‘सात नंबर’ म्हणत. साठएक वर्षांपूर्वी खास प्रसारणासाठी बनवलेला कंडेन्सर माइक. दुधाच्या बाटलीएवढा, चंदेरी, वजनदार. आता असे जगात मोजकेच उरलेले. त्याची गंमत म्हणजे तो हवं त्या आकारात ऐकायचा. पॉवर सप्लायवर एक गोल खटका होता. तो ‘बदामा’वर ठेवला की माइकला फक्त समोरचं ऐकू येई. ‘वर्तुळा’वर ठेवला की चहूबाजूंचं. आणि ‘आठ’वर ठेवला की समोरचं आणि पाठीमागचं, डाव्या-उजव्या बाजूंना ठार बहिरा. दोन माणसं समोरासमोर बसून एका माइकवर बोलायची असली की आठ.

आज संध्याकाळी पाच वाजता नेमकं तेच व्हायचं होतं. श्रुतिकांच्या जमान्यातल्या दोन बहिणी अकरा वर्षांनी पुन्हा एकत्र येणार होत्या, थेट प्रसारणात, याच माइकवर.

“काय झालं? चेहरा का उतरलाय?” दारातून साहेबांचा आवाज आला.

साहेब म्हणजे केंद्राचे संचालक. पेटीत डोकावून त्यांचाही चेहरा उतरला.

“रजिस्टरवर सही कोणाची आहे?”

“माझी.”

“काल पेटीत कोणी ठेवला?”

काल तीन वाजता तिने माइक पेटीतून काढून स्टुडिओ दोनमध्ये लावला होता. चार ते सहा तिची वरच्या मजल्यावर थेट बातम्यांची ड्यूटी होती. तिथला लाल दिवा लागला की आत कुणी यायचं नाही. सहाला खाली येऊन माइक पेटीत ठेवायचा, असं ठरवलं होतं. पण सहाला ती बाहेर आली तर संध्याकाळच्या टेलिफोन ऑपरेटरने हातात चिठ्ठी दिली. पहिलीच ओळ होती, ‘बाळाला सर्दी झालीय.’ पुढचं कोण वाचतंय! चिठ्ठी बॅगेत कोंबून तिने धूम ठोकली होती.

घरी बाळ टेबलाखाली बसून सासूबाईंची चप्पल चावत होतं. नाक कोरडं ठणठणीत.

“सर्दी? माझ्याकडे असताना?” सासूबाई फणकारल्या होत्या. “फोन केला असेल तुझ्या नवऱ्याने. त्याला जरा शिंक ऐकू आली की न्यूमोनिया दिसतो.” नवरा म्हणाला, मी नाही, आईनेच केला असणार. मग त्या मायलेकांची अशी जुंपली, की सात नंबर तिच्या डोक्यातून पार निघून गेला.

“मी नाही ठेवला,” ती म्हणाली. “राहून गेलं.”

साहेब वाईट माणूस नव्हते. म्हणूनच पुढचं वाक्य बोलताना ते तिच्याकडे न बघता खिडकीकडे बघत होते. “चारपर्यंत मिळाला तर ठीक. नाहीतर वर कळवावं लागेल, आणि वरचे लोक तुमची बदली टेकडीवरच्या प्रक्षेपण केंद्रात करतील. मला थांबवता येणार नाही.”

टेकडी म्हणजे जायला दोन तास, यायला दोन तास. अंगावर पिणारं बाळ घरी ठेवून ते जमणार नव्हतं. नोकरीच सोडावी लागली असती, आणि नोकरी म्हणजे तिच्यासाठी हे कान होते.

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

२

स्टुडिओ, कपाटं, सोफ्याखाली, सगळीकडे बघून झालं. मग कानसेन पेटीसमोर मांडी घालून बसली. शोधून सापडत नसेल तर ऐकायचं, हे तिला मास्तरांनी शिकवलं होतं.

मास्तर केंद्रातले जुने ध्वनितंत्रज्ञ, गेल्या महिन्यात निवृत्त झालेले. एकटा जीव. लग्न नाही, मूलबाळ नाही, म्हणून की काय, त्यांनी सगळ्या यंत्रांनाच नातेवाईक करून टाकलं होतं. मोठं मिक्सर म्हणजे थोरल्या वहिनी, सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या. जुन्या टेपा सुकवायचं तळघरातलं कपाट म्हणजे आजी. आणि आवाज घुमवायची रिकामी खोली म्हणजे आत्याबाई, कारण तिला एकदा सांगावं आणि तिने चारदा ऐकवावं. काल माइक लावायला मास्तर मुद्दाम आले होते. चारला ती वर गेली तेव्हा ते म्हणाले, “मी बसतो थोडा वेळ याच्याजवळ.” संध्याकाळी त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलमध्ये भरती व्हायचं होतं. आज सकाळपासून त्यांचा फोन बंद होता.

कानसेनने पेटीतली एकेक वस्तू बाहेर काढली. केबल. पॉवर सप्लाय. आणि मग तिच्या लक्षात दोन गोष्टी आल्या. एक, माइक पुसायचा पिवळा फलालीनचा रुमाल पेटीत नव्हता. दोन, गोल खटका आठवर होता.

काल तिने तो बदामावर ठेवला होता. नक्की.

ती तडक साहेबांच्या खोलीत गेली. तिथे कोपऱ्यात पांढऱ्या चादरीखाली माणसाएवढं काहीतरी उभं होतं.

“हे काय?”

साहेब कानापर्यंत लाल झाले. “काचेचं कपाट. सात नंबरसाठी. प्रवेशदारात ठेवायचं होतं. लोकांनी येता-जाता बघावं, म्हणून.”

“आणि मी म्हटलं होतं, तो बघायचा नाही, ऐकायचा आहे.”

“म्हणजे तुम्हाला वाटतंय मीच...” साहेबांनी स्वतःच चादर ओढली. कपाटात फक्त एक मेलेली माशी होती.

“साहेब, तुम्ही या माइकवर बोलताना कुठे तोंड करता?”

“वर. टोकावर. सगळेच करतात.”

“त्याचं तोंड बाजूला आहे. टोकावर त्याची टाळू आहे. दरवर्षी तुम्ही नववर्षाच्या शुभेच्छा त्याच्या टाळूला देताय.”

साहेबांचं नाव तिने यादीतून खोडलं. खटका आठवर नेणारा माणूस टाळूशी बोलणाऱ्यातला नव्हता.

३

दुसरा संशयित स्वतःच चालत आला. जुनी यंत्रं जमवणारा एक संग्राहक सात नंबरमागे वर्षभर हात धुऊन लागला होता. कालही तो आला होता, आतून मऊ अस्तर लावलेली बॅग घेऊन. आज स्वागतकक्षात बातमी कळल्यावर तो खुर्चीत मटकन बसला.

“गेला? कसा गेला?”

“तुमची बॅग दाखवता?”

त्याने बॅग उघडली. आत डबा, छत्री आणि बायकोने सांगितलेल्या वस्तूंची लांबलचक यादी.

“ऐका,” तो म्हणाला. “पॉवर सप्लाय नेलाय का?”

“नाही.”

“मग चोर माझ्यासारखा नाही. त्या डब्याशिवाय सात नंबर मुका. त्याची पिन दुसऱ्या कशालाच बसत नाही. नेणारा एक तर अडाणी आहे, नाहीतर...” तो थांबला.

“नाहीतर काय?”

“नाहीतर त्याला माइक इथून न्यायचाच नव्हता, बाई.”

ते वाक्य कानसेनच्या कानात घुसून बसलं. ती स्टुडिओ दोनच्या कंट्रोल रूममध्ये गेली. माइक जोडलेला असला की थोरल्या वहिनी आपोआप रेकॉर्डिंग करत राहात. कालची फाईल तिने उघडली. कितीतरी वेळ नुसती शांतता. मग पाच वाजून वीस मिनिटांनी आवाज आला.

कुरकुर. चुरचुर. तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा.

मग खटका फिरल्याचा टक आवाज. मग एक चुटकी, अगदी समोरून. मग दुसरी, पाठीमागून. समोरच्या चुटकीनंतर कुरकुर वाढली, पाठीमागच्या चुटकीनंतर नाही. मग रेकॉर्डिंग संपलं.

तिने हेडफोन काढले. दमट हवेने माइकची पुढची पडदी बिघडली होती. दोन दिवस स्टुडिओचा एसी बंद होता, तेव्हा नवल नाही. आणि कुणीतरी खटका आठवर नेऊन, दोन्ही बाजूंना चुटकी वाजवून, डॉक्टर छाती-पाठ तपासतो तसं त्याला तपासलं होतं. पिवळ्या रुमालात गुंडाळून नेलं होतं. केबल निगुतीने गुंडाळून पेटी लावून ठेवली होती.

असं करणारा माणूस या इमारतीत एकच होता. चुटक्या मास्तरांच्या होत्या.

साहेब दारात उभे राहून ऐकत होते. “मलाही तेच वाटत होतं,” ते हळूच म्हणाले. “त्यांचा फार जीव होता त्याच्यावर. निवृत्त माणूस... नेला असेल घरी.”

“मास्तर विचारल्याशिवाय खिळासुद्धा नेत नाहीत.”

“मग सांगितलं कोणाला?”

दीड वाजला होता.

४

दोन वाजता बहिणी आल्या. थोरल्या पुढच्या दाराने, धाकट्या मागच्या. थोरल्यांना स्टुडिओ दोनमध्ये बसवलं, धाकट्यांना शेजारच्या खोलीत, आणि मधल्या काचेतून दोघी एकमेकींकडे बघत नाही आहोत हे एकमेकींना दाखवू लागल्या.

अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या शेवटच्या थेट श्रुतिकेत, नेमक्या मरणाच्या प्रसंगात, कुणीतरी शिंकलं होतं. थोरल्या म्हणाल्या धाकटी शिंकली. धाकट्या म्हणाल्या थोरली. तेव्हापासून अबोला.

“तिला सांग,” थोरल्या म्हणाल्या, “समोर सात नंबर असेल तरच मी बोलेन. तिला वेगळा माइक दिला तर ती पाठ फिरवून बसेल.”

शेजारच्या खोलीत धाकट्या म्हणाल्या, “तिला सांग, पाठ फिरवायची सवय कोणाला आहे ते साऱ्या गावाला माहीत आहे. आणि ती जुनी टेप ऐक एकदा, कानसेन म्हणवतेस ना? शिंक कोणाची ते सांग.”

नाही म्हणायला वेळ जास्त गेला असता, म्हणून कानसेनने ती शिंक ऐकली. एकदा. दोनदा. मग तिच्या भुवया वर गेल्या. पण ती एवढंच म्हणाली, “सांगते नंतर. आधी मला सांगा, काल तुम्ही तालमीला आला होतात. मास्तर दिसले?”

“दिसले की. स्टुडिओच्या काचेतून. पाठमोरे होते, हातात काहीतरी पिवळं घेऊन थोपटत होते. दार किलकिलं होतं. फोनवर नातवाशी बोलत होते.”

“नातवाशी?”

“हो, लाडाने विचारत होते, ‘काय रे बाळा, घसा बसला का तुझा?’ मी म्हटलं, बोलू दे आजोबांना, आणि पुढे गेले.”

मास्तरांना नातू नव्हता. मुलगाच नव्हता.

तेवढ्यात पलीकडच्या उघड्या दारातून थोरल्यांचा आवाज आला. अबोला होता, पण कान चालू होते. “नातू कसला, वेडाबाई! तो त्या माइकलाच बाळ म्हणतो. ही रजेवर गेली तेव्हापासून. मला म्हणाला, ती तिचं बाळ सांभाळतेय, मी माझं सांभाळतो.”

कानसेनला हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं. आठ महिने ती इथे नव्हती.

तिचा फोन वाजला. सासूबाई.

“ऐक गं, आम्ही मायलेकांनी फोनच तपासले. काल तुझ्या ऑफिसला आमच्यापैकी कुणीच फोन केलेला नाही. आता तो माझी माफी मागतोय आणि मी देत नाहीये. पण मला सांग, मग बाळाला सर्दी झाली असं म्हणालं तरी कोण?”

५

चिठ्ठी बॅगेच्या तळाशी सापडली. लंगोट, खुळखुळा आणि अर्धं बिस्किट यांच्या खाली, चुरगळलेली. संध्याकाळचा ऑपरेटर निरोप शब्दन्‌शब्द लिहून घेई, पण कुणाचा ते लिहायला कायम विसरे. पहिल्या ओळीच्या पुढे कानसेन आज पहिल्यांदा वाचत होती.

‘बाळाला सर्दी झालीय. छाती कुरकुरतेय. आजीच्या कुशीत झोपवलंय, काळजी नको. हवा लागू देऊ नको. उद्या चारच्या सुमाराला उठव. उठल्याबरोबर बोलायला लावू नको, आधी अर्धा तास अंग गरम होऊ दे.’

“आठ महिन्यांच्या बाळाला बोलायला कोण लावेल?” साहेब तिच्या खांद्यावरून वाचत म्हणाले.

“कोणी नाही,” कानसेन म्हणाली. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांना पाणीही येत होतं. “लाल दिवा लागला होता, म्हणून मास्तर वर येऊ शकले नाहीत. भरती व्हायला उशीर होत होता, म्हणून त्यांनी वाटेतून फोन केला. माझं बाळ खरोखर आजीकडे होतं, म्हणून मला शंकाच आली नाही. सांगितलं कोणाला, म्हणून विचारत होतात ना साहेब? मलाच सांगितलं होतं. रीतसर, लेखी.”

“पण आजी कोण? त्यांची आई?”

ती केव्हाच जिन्यावर पोचली होती.

तळघरात टेपा संगणकात गेल्यापासून कुणी फिरकत नसे. भिंतीला लागून ते बुटकं लाकडी कपाट होतं. आत रात्रंदिवस चाळीस वॅटचा एक दिवा जळायचा, त्याची ऊब दमट टेपांना सुकवायची. कानसेनने दार हळूच, पाळण्याची दोरी सोडावी तसं उघडलं. कोरडी, उबदार हवा चेहऱ्यावर आली. मधल्या फळीवर पिवळ्या फलालीनमध्ये, डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून सात नंबर झोपला होता.

मागून धापा टाकत आलेले साहेब मोठ्याने काहीतरी म्हणणार, तेवढ्यात तिने ओठांवर बोट ठेवलं.

“पंधरा मिनिटं आहेत अजून चारला,” ती कुजबुजली. “झोपू दे.”

आणि गंमत म्हणजे साहेबही कुजबुजून म्हणाले, “हो हो.”

६

चारला उठवला. साडेचारपर्यंत अंग गरम होऊ दिलं. खटका आठवर. समोर चुटकी, मागे चुटकी. छाती स्वच्छ.

पाचला दहा कमी असताना दोघी बहिणी माइकच्या दोन बाजूंना येऊन बसल्या. मध्ये हातभर अंतर. आता बघायचं नाही म्हटलं तरी बघावंच लागणार होतं.

“आवाज तपासायचाय,” कानसेन काचेपलीकडून म्हणाली. “पण आधी शिंकेचा निकाल. तुम्ही तेव्हाही याच माइकवर, अशाच बसला होतात, खटका आठवर. तुमच्यापैकी कुणी शिंकलं असतं तर शिंक वाक्यांएवढीच मोठी आली असती. पण टेपवर ती बारीक येते, भिंतीवर आपटून आल्यासारखी. ती बाजूने आलीय. जिथून याला ऐकू येत नाही तिथून.”

“म्हणजे?” दोघींनी एकदम विचारलं.

“म्हणजे तुम्ही दोघीही नाही शिंकलात.”

हेडफोनमध्ये तिला दोघींचे श्वास वेगवेगळे ऐकू आले. मग थोरल्या पुढे वाकल्या.

“जाड झालीस गं.”

“आणि तू बहिरी,” धाकट्या म्हणाल्या. “केवढ्याने ओरडतेस.”

थोरल्या वहिनींवरचा, म्हणजे मिक्सरवरचा काटा दोघींच्या आवाजाला सारखाच हलला. आवाज तपासून झाला होता.

प्रसारण संपता संपता कंट्रोल रूमचा फोन वाजला. साहेब बाजूलाच उभे होते. त्यांच्या हातात वर कळवायचा अर्धवट लिहिलेला कागद होता आणि ते त्याची होडी करत होते. “ते काचेचं कपाट,” ते आपल्याशीच पुटपुटत होते, “आता त्यात ठेवू काय?”

“चाळीस वॅटचा दिवा लावा,” कानसेन फोन उचलता उचलता म्हणाली. “आजी थकलीय. तिला मदतीला कुणीतरी हवंच. हॅलो?”

“पोरी,” मास्तरांचा आवाज पट्टी बांधल्यासारखा येत होता, जणू पट्टी डोळ्याला नाही, आवाजालाच बांधली होती. “नर्सच्या फोनवर ऐकलं सगळं. एकदम निर्मळ आवाज. दोघींना सांग, ती शिंक माझी होती. मी बाजूला स्क्रिप्टची पानं धरून उभा होतो. अकरा वर्षं सांगायची हिंमत झाली नाही. आणि हो, बाळ कसंय?”

कानसेनने काचेतून आत बघितलं. दोघी बहिणी माइकच्या दोन बाजूंनी एकाच वेळी बोलत होत्या आणि सात नंबर दोघींचंही मन लावून ऐकत होता. तिने घड्याळ बघितलं. दुसरं आता जागं झालं असेल, चप्पल शोधत असेल.

“कुठलं?” तिने विचारलं. मग मास्तर उत्तर द्यायच्या आतच म्हणाली, “एकाची सर्दी गेली. दुसऱ्याला ती झालीच नव्हती.”

पलीकडे, नर्सच्या फोनवर, मास्तर जोरात शिंकले.